दीर्घिका खाते काय, वाढते कशी?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

श्रावणाच्या अंकात आकाशगंगेवर दोन पानं लिहिली होती. त्यात 'आपली आकाशगंगा आज आहे तशी कायम नव्हती' असं एक वाक्य सहज लिहून गेले, आणि त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली सात निवडली आहेत. ज्यांनी 'ग्रह कसे आहेत ते बघा' म्हणून पत्रिका धाडल्या, त्यांच्या पत्रिका पोस्टाने परत पाठवल्या आहेत. तो विषय मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवला नाही, आता निवृत्तीनंतर कुठे सुरू करू?

आकड्यांचं एकदाच सांगते. 1 अब्ज म्हणजे 100 कोटी. विश्वाचं वय सुमारे 13.8 अब्ज वर्षं. पुढे हेच धरून चाला. आणि दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह.

प्रश्न : बाई, हे बदल अब्जावधी वर्षांत होतात म्हणता, मग ते पाहिले कोणी? मी एस.टी.त 31 वर्षं कंडक्टर होतो. तिकीट बघितल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवला नाही. (अंबाजोगाई)

काका, तिकीटच दाखवते. तुम्ही स्टँडवर तासभर उभे राहिलात तर कडेवरचं पोर दिसतं, कॉलेजची पोरं दिसतात, काठी टेकत आलेले आजोबा दिसतात. एकही माणूस तुमच्यासमोर म्हातारा झालेला नसतो, तरी कुणानंतर कोण हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आकाशातही आम्ही हेच करतो. फरक इतकाच, की तिथला प्रत्येक प्रवासी आपलं तिकीट दाखवत येतो.

दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश निघाला तेव्हाची ती दीर्घिका आपल्याला दिसते, आजची नव्हे. वाटेत विश्व प्रसरण पावत असल्यामुळे त्या प्रकाशाच्या लहरी ताणल्या जातात आणि तांबड्या बाजूला सरकतात. याला ताम्रसृती म्हणतात. हायड्रोजनची लहर मुळात किती लांब असते हे ठाऊक आहे, ती किती पट ताणली हे मोजता येतं. म्हणजे प्रवासी कुठल्या टप्प्यावर चढला ते तिकिटावर पंच झालेलंच आहे.

डिसेंबर 1995मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षींतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या ठिपक्याकडे दहा दिवस रोखून ठेवली होती. हात लांब करून बोटावर वाळूचा कण धरा, तेवढंच आकाश. हबलचं काम पाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या वाट्याचा वेळ त्यासाठी खर्ची घातला, आणि 'काहीच दिसलं नाही तर हसं होईल' म्हणणारे त्यांच्याच जवळपास होते. दिसल्या सुमारे 3,000 दीर्घिका. जवळच्या नीटस, बांधेसूद. दूरच्या, म्हणजे जुन्या काळातल्या, लहान आणि वेड्यावाकड्या, गुळाची ढेप फोडल्यावर पडलेल्या खड्यांसारख्या. आता जेम्स वेब दुर्बिणीला महास्फोटानंतर 30 कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिकाही दिसल्या आहेत. अंबाजोगाईच्या स्टँडवर इतक्या वयांची माणसं एका वेळी तुम्हाला कधी दिसली नसतील.

प्रश्न : आमच्या पुस्तकात हबलची ट्यूनिंग फोर्कची आकृती आहे. डावीकडे लंबवर्तुळाकार दीर्घिका, उजवीकडे दोन फाट्यांवर सर्पिल. म्हणजे गोल दीर्घिका चपटी होत होत सर्पिल होते, असं समजायचं का? (बी.एस्सी. द्वितीय वर्ष, संगमनेर)

नाही. आणि ही चूक तुझी एकट्याची नाही. एडविन हबलने 1926मध्ये वर्गीकरण मांडलं, 1936मध्ये ही आकृती छापली, आणि डावीकडच्यांना 'आधीच्या' नि उजवीकडच्यांना 'नंतरच्या' अशी नावं ठेवून दिली. ती नावं खगोलशास्त्रज्ञ अजूनही वापरतात आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतात की त्यांचा काळाशी संबंध नाही. नाव बदललं असतं तर सोपं झालं असतं, पण सवय.

प्रत्यक्षात गोष्ट बरीचशी उलटी चालते. आधी तबकडी, मग गोळा. तबकडी का होते ते बघ. देवळात नवीन माणसं शिरली की कुणी उजवीकडून, कुणी डावीकडून, कुणी आडवं घुसतं. धक्काबुक्की होते, आणि थोड्या वेळाने सगळे एकाच दिशेने प्रदक्षिणा घालू लागतात. वायूचे ढग असेच एकमेकांवर आदळतात. वरखाली जाण्याची त्यांची ऊर्जा उष्णता होऊन, प्रकाश होऊन निघून जाते. गोल फिरण्याचा जो भाग असतो तो मात्र टाकून देता येत नाही. उरते ती फिरती चपटी तबकडी. तिच्यात जे तारे जन्मतात तेही त्याच प्रदक्षिणेत फिरतात.

तारे एकमेकांना धडकत नाहीत, म्हणून त्यांची गडबड शमण्याचा मार्गच नसतो. दोन मोठ्या तबकड्या एकमेकींत घुसल्या की ताऱ्यांच्या शिस्तबद्ध कक्षा मोडतात आणि मोहोळाभोवती माश्या घोंगावाव्यात तसे ते सगळ्या दिशांनी फिरू लागतात. ती झाली लंबवर्तुळाकार दीर्घिका. कन्या राशीतली एम 87 ही त्यातली बडी असामी. तिच्या मध्यावरच्या कृष्णविवराचं वस्तुमान साडेसहा अब्ज सूर्यांएवढं आहे, आणि 2019मध्ये त्याच्या सावलीचं चित्र सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. अशा कृष्णविवराजवळून निघणारे झोत भोवतीचा वायू तापवत ठेवतात, आणि तापलेल्या वायूचे तारे होत नाहीत. नवे निळे तारे बंद, जुने तांबूस तेवढे शिल्लक. परीक्षेत 'मृत दीर्घिका' असा शब्द आला तर हे लिही. मोठी दीर्घिका म्हातारपणीच मरते असंही समजू नकोस. महास्फोटानंतर 70 कोटी वर्षांतच थंडावलेल्या दीर्घिका वेबने दाखवल्या आहेत.

प्रश्न : बाई, माझा प्रश्न हसण्यासारखा आहे. दीर्घिका वाढते म्हणजे खाते काय? (कुडाळ)

मुळीच हसण्यासारखा नाही, सगळ्या पत्रांत हाच प्रश्न मला आवडला. तुमच्या अंगणात विहीर असेल. ती भरते कशाने? झऱ्यांनी. कधीतरी टँकर मागवून ओतलाही असेल, पण विहीर टँकरवर जगत नाही.

दीर्घिकेचा झरा म्हणजे वायू, मुख्यतः हायड्रोजन. विश्वातलं बरंचसं द्रव्य न दिसणारं, कृष्णद्रव्य आहे. त्याचं जाळं विश्वभर पसरलेलं आहे, आणि जाळ्याच्या धाग्यांवरून वायू ओघळत दीर्घिकेत येतो, थंड होतो, त्याचे तारे होतात. टँकर म्हणजे दुसरी दीर्घिका आख्खी गिळणं. आपल्या आकाशगंगेनेही टँकर घेतलेत. 2018मध्ये गाया उपग्रहाच्या मोजणीतून कळलं, की सुमारे 10 अब्ज वर्षांपूर्वी एक बऱ्यापैकी दीर्घिका आपल्यात मिसळली. तिचे तारे आजही लांबुळक्या, वेगळ्याच कक्षांत फिरतात आणि त्यांचं रसायनही वेगळं आहे. सून येऊन दहा अब्ज वर्षं झाली तरी माहेरची बोली गेलेली नाही. 1994मध्ये सापडलेली धनू राशीतली बटू दीर्घिका तर या घडीला गिळली जाते आहे. तिच्या ताऱ्यांचे पट्टे आपल्याभोवती गुंडाळले गेलेत.

तरी माझं मत सांगते. टँकर आला की गावभर बोभाटा होतो, झरा मुकाट्याने पाझरतो. वर्तमानपत्रांत टकरींची चित्रं येतात, पण आपल्या आकाशगंगेतले बहुतेक तारे इथेच, इथल्या वायूतून जन्मले.

आणि झरे आटतात तेव्हा काय होतं हे कुठे कळलं? नारायणगावजवळच्या खोडदला. तिथे आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. मी नववीच्या वर्गाला घेऊन गेले होते. फाटकाशीच सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावले, कारण आपला एक फोनसुद्धा त्या अँटेनांना आरडाओरडा वाटतो. पोरं मात्र हिरमुसली. एक म्हणाला, "बाई, ही तर नुसती जाळी. ह्यातून पाऊस गळेल." पाऊस गळतोच, वारासुद्धा आरपार जातो, म्हणून तर एवढी मोठी ताटली उभी राहते. पण हायड्रोजनची रेडिओलहर 21 सेंटिमीटर लांबीची. तिला ती बारीक जाळी भिंतीसारखीच. ओढ्यातल्या खेकड्याला माशाच्या जाळीचं भोक कसं दिसत असेल, असं काहीतरी मी तेव्हा समजावलं होतं. दृष्टांत बरा नव्हता, पण पोरं हसली.

याच जीएमआरटी दुर्बिणीतून आदित्य चौधुरी, निसीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी 8 अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला अणुरूप हायड्रोजन मोजला. एकेका दीर्घिकेचा आवाज इतका क्षीण, की कानावर येणं अशक्य. म्हणून त्यांनी 7,653 दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, तेव्हा कुठे तो ऐकू आला. 2020मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या त्या वेगाने त्यांचा साठा जेमतेम एक-दोन अब्ज वर्षं पुरला असता. विहिरीत पाणी भरपूर दिसत होतं, पण उपसा त्याहून मोठा. झऱ्यांनी तेवढी भर घातली नाही आणि तारे जन्मण्याचा वेग घसरला. 10 अब्ज वर्षांपूर्वी विश्वात ताऱ्यांची ऐन सुगी होती, आज तिच्या साधारण दहावा हिस्सा उरलाय. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांएवढं द्रव्य ताऱ्यांत जातं, बस.

प्रश्न : पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी 'अलकनंदा' नावाची दीर्घिका शोधल्याचं वाचलं. अशा लाखो दीर्घिका आहेत, मग हिचं एवढं कौतुक का? (चिंचवड)

कौतुक तिच्या वयाचं. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना ती जेम्स वेबच्या छायाचित्रांत सापडली आणि 2025च्या अखेरीस जाहीर झाली. आपल्याला दिसते ती अलकनंदा विश्व अवघं दीड अब्ज वर्षांचं असतानाची आहे. त्या वयात आम्ही काय अपेक्षा करत होतो? खडबडीत, उकळत्या पिठल्यासारखी, गुठळ्यांची दीर्घिका. आणि दिसली काय, तर मधे फुगवटा, दोन्ही बाजूंना दोन सारख्या, सुबक भुजा, भुजांवर मण्यांसारखे ताऱ्यांचे पुंजके. 30,000 प्रकाशवर्षं व्यास. आपल्या आकाशगंगेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

मी ते चित्र छापून शेजारच्या मुलांना दाखवलं. मी 'सर्पिल' म्हणायच्या आत धाकटी ओरडली, "आज्जी, चकली!" अगदी बरोबर. आणि चकली कधी नीट पडते? भाजणी मळून, मुरून, सोऱ्यातून एकसारखी आली तरच. घाई केली की तुकडे पडतात. दीर्घिकेची तबकडीही शांत, थंड, एका लयीत फिरणारी असावी लागते, तरच तिच्यावर अशा दोन रेखीव भुजा उमटतात. हे सगळं जमायला पुष्कळ काळ लागतो असं आम्ही वर्गात शिकवत आलो. अलकनंदेने ते दीड अब्ज वर्षांत उरकलं, वर दहा अब्ज सूर्यांएवढे तारेही जमवले, आणि वर्षाला सुमारे 60 सूर्य या हिशेबाने ती आणखी घडवत होती. आपल्या आजच्या वेगाच्या तीसपट तरी.

ती दिसली त्यात नशिबाचाही वाटा आहे. वाटेत आबेल 2744 हा दीर्घिकांचा प्रचंड गुच्छ आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि भिंगातून पाहावं तशी मागची वस्तू मोठी, उजळ दिसते.

भुजा कशा आल्या यावर वाद आहे. थंड वायूचा पुरवठा भरपूर होता म्हणून, की एखादी लहान दीर्घिका जवळून गेली म्हणून? तबकडीतला वायू किती शांतपणे फिरतो ते मोजलं की यावर अधिक बोलता येईल. एका दीर्घिकेवरून सगळी पुस्तकं फाडायची नसतात. पण माझी शिकवायची जुनी टिपणं मी खोडली आहेत. नाव मात्र फार छान दिलंय. आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि मंदाकिनी नि अलकनंदा या नद्या रुद्रप्रयागला भेटतात.

प्रश्न : मुलाने विचारलं, सूर्याने आत्तापर्यंत आकाशगंगेभोवती वीस फेऱ्या मारल्या, मग भुजा दोऱ्याच्या रिळासारख्या गुंडाळल्या कशा गेल्या नाहीत? (शारजा)

मुलाला माझ्याकडून लाडू. फेरीला सुमारे 23 कोटी वर्षं लागतात, हिशेब त्याचा बरोबर आहे. आतले तारे फेरी लवकर संपवतात, बाहेरचे उशिरा. भुजा त्याच त्या ताऱ्यांच्या बनलेल्या असत्या तर कधीच गुंडाळून गेल्या असत्या.

आमच्या वाईजवळ खंबाटकीचा घाट आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या खोळंबतात. सकाळी नऊला अडकलेली गाडी दहाला सुटून सुरूरला चहा पीत असते, पण खोळंबा घाटातच असतो, त्यात आता दुसऱ्या गाड्या. भुजा म्हणजे असा खोळंबा. तारे आणि वायू त्यात शिरतात, दाटतात, पुढे निघून जातात. वायू दाटला की तिथे नवे निळे, तेजस्वी तारे पेटतात, म्हणून भुजा उठून दिसतात. सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी 1964मध्ये हे गणितात मांडलं. सगळ्याच दीर्घिकांतला खोळंबा कायमचा नसतो. काहींत तो मोडतो आणि दुसरीकडे पुन्हा होतो.

प्रश्न : देवयानी दीर्घिका आपल्यावर आदळणार असा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला. सासूबाई घाबरल्यात. (सोलापूर)

सासूबाईंना सांगा, देवघरातला दिवा लावून निवांत बसा. देवयानी सेकंदाला सुमारे 110 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे हे खरं. 2012मध्ये हबलच्या मोजणीवरून चार अब्ज वर्षांत टक्कर नक्की असं जाहीर झालं, आणि तुमचा व्हिडिओ बहुधा तिथेच अडकलाय. 2025मध्ये टिल सावाला यांच्या गटाने नव्या मोजण्या घेऊन, 'मोठा मॅगेलनी मेघ' या शेजारच्या लहान दीर्घिकेची ओढही धरून हिशेब केला. पुढच्या 10 अब्ज वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निघाली साधारण निम्मी. नाणं उडवल्यासारखी.

समजा झालीच, तरी तारे ताऱ्यांवर आपटणार नाहीत. सूर्य पुण्यात ठेवलेल्या मोहरीएवढा धरला, तर सर्वांत जवळचा तारा लोणावळ्याच्या आसपासची दुसरी मोहरी. मधे काही नाही. दीर्घिकांचं मात्र तसं नाही. आकाशगंगा फूटभर व्यासाचं ताट धरली, तर देवयानीचं ताट पंचवीस फुटांवर, म्हणजे त्याच पंगतीत. म्हणून दीर्घिका सर्रास भिडतात आणि तारे सुखरूप निसटतात.

तुम्हाला यातली माझी आवडती गोष्ट सांगते. 1941 साली, संगणक नसताना, स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्ग यांना दोन दीर्घिकांची टक्कर करून बघायची होती. त्यांनी एकेका दीर्घिकेसाठी 37 असे विजेचे दिवे मांडले. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, गुरुत्वाकर्षणही तसंच. मग प्रत्येक दिव्याच्या जागी किती उजेड पडतो ते मोजायचं, तेवढी ओढ समजायची, दिवा तितका सरकवायचा, पुन्हा मोजायचं. 74 दिवे, हाताने. टकरीत दीर्घिकांना भरतीसारखे फुगवटे येतात, भुजा फुटतात, हे त्यांनी अंधाऱ्या खोलीत पाहिलं. 1972मध्ये तूमरे बंधूंनी संगणकावर तेच करून लांब शेपट्या निघताना दाखवल्या. हस्त नक्षत्रात दोन भिडलेल्या दीर्घिका आहेत, त्यांच्या शेपट्या झुरळाच्या मिशांसारख्या बाहेर आलेल्या आहेत. सासूबाईंना हे झुरळाचं नका सांगू.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्याकडे दुर्बीण नाही. मला एक तरी दीर्घिका दिसेल का? (किनवट)

दिसेल. आमच्याकडे शेजारी मंगल कार्यालय झाल्यापासून माझी आठ इंची दुर्बीण निम्मी आंधळी झाली आहे. तुझ्याकडे अंधार असेल तर तू माझ्यापेक्षा श्रीमंत.

कार्तिक-मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या आसपास रात्री आठला उत्तरेकडे तोंड करून उभी राहा आणि मान अगदी वर कर. डोक्यावर, जरा पश्चिमेला, चार ताऱ्यांचा मोठा चौकोन असेल, तो भाद्रपदांचा. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून ताऱ्यांची एक ओळ बाहेर निघते. कोपऱ्यातला तारा सोडून त्या ओळीतला पुढचा ठळक तारा धर. तिथून शर्मिष्ठेच्या, म्हणजे इंग्रजी एमसारख्या आकृतीच्या दिशेने वळ. दोन मंद तारे लागतील. दुसऱ्याच्या शेजारी भस्माचं बोट पुसल्यासारखा पुसट डाग आहे. थेट रोखून बघू नकोस, नजर किंचित बाजूला ठेव, मग तो उमटतो. ती देवयानी. तो प्रकाश तिथून निघाला त्याला 25 लाख वर्षं झाली.

तुला चकली दिसणार नाही, रंगही दिसणार नाहीत, हे आत्ताच सांगते. डाग दिसेल. जसा दिसेल तसाच पेन्सिलीने काढ, तारीख नि वेळ घाल आणि मला पाठव. बाबांना बरोबर ने, त्या दिवसांत रात्री रानातलं गवत ओलं असतं.